वीस टनांचं कासव

आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या झाकणावर ‘एचडी-२०’ अशी उठावदार अक्षरं आहेत. एचडी म्हणजे हेवी ड्यूटी, २० म्हणजे वीस टन. एवढा भार पाठीवर घेणारं कोण, असं भाचीला विचारलं. ती म्हणाली, कासव. झालं, चित्राला विषय मिळाला: झाकणाचा ठसा कागदावर घासून घ्यायचा आणि त्याचं कासव करायचं.

रविवारी सकाळी साडेसहाला निघा आणि झाकण फुटपाथवरचंच निवडा, रस्त्याच्या मधलं नको. झाकण कोरडं हवं. जुन्या टूथब्रशने खाचांतली माती काढा. कागद झेरॉक्सचा, ए३. दोन कागद मागून चिकटपट्टीने जोडले की साधारण दोन फुटी झाकणाचा अर्धा गोल बसतो, आणि अर्धा गोल म्हणजे कासवाची आयती पाठ. मी पहिल्यांदा जाड ड्रॉइंग शीट नेला होता. अर्धा तास घासून एक अक्षर उमटलं नाही.

कागद चारी बाजूंनी चिकटवा. मेणाच्या खडूचं वेष्टण सोलून तो आडवा धरा आणि हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. जोर लावलात तर कागद फाटतो. चौकडी, अक्षरं सगळं सुलटं वर येतं. जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर कागद ठेवून हेच केलं होतं, त्याला फ्रोताज म्हणतात. आम्हाला मात्र एका आजोबांनी विचारलं, “कॉर्पोरेशनकडून आलात का?”

घरी आल्यावर जलरंगाचा पातळ हात मारा. मेणावर रंग ठरत नाही, मधल्या जागेत उतरतो. कागद सुरकुततो, म्हणून वाळल्यावर रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

आता अवयव. टपरीसमोर गाड्यांखाली चेपलेली सोड्याची बुचं म्हणजे पाय. मोडक्या छत्रीची काडी शेपूट. मान सायकलच्या चेनच्या तुकड्याची, दुकानदार फुकट देतो. पण ती साबणाच्या गरम पाण्यात दोनदा घासा, नाहीतर तेलाचा डाग चित्रभर पसरतो. डोळ्याला वॉशर. चिकटवण्याआधी तेवढ्या जागेवरचं मेण ब्लेडने खरवडा, आणि मागे पुठ्ठा लावा. आमची दोन बुचं मेणावरच लावली होती, सकाळी कासव लंगडं.

पाठीवर भाचीने बसची तिकिटं डकवली. कासवाला उशीर होतो म्हणे.