पेपर स्प्रेचं ट्रेनिंग: आधी नळ मोजा, मग कॅन

येत्या रविवारी महापेच्या साईटवर गार्ड मंडळींचं पेपर स्प्रेचं ट्रेनिंग आहे. सुपरवायझर लोकांनी शनिवारपर्यंत काय काय उरकायचं ते सांगतो. कॅन किती आणायचे, हे सगळे पहिल्यांदा विचारतात. मी पहिल्यांदा विचारतो, नळ किती आहेत? फवारायला अर्धा सेकंद लागतो, निस्तरायला पाऊण तास.

तर नळ. गेटजवळचा बागेचा पाईप चालू आहे का, टाकी रात्रीच भरून ठेवता येईल का, हे बघून या. पाणी गारच हवं. स्प्रेमधला मिरचीचा अर्क तेलकट असतो. नुसत्या पाण्याने तो निघता निघत नाही आणि चोळला की पसरतो. म्हणून लहान मुलांचा शाम्पू दोन बाटल्या घ्या. त्याने आग लवकर थांबते असं नाही, तेल मात्र सुटतं. कुणीतरी दुधाच्या पिशव्या आणतोच. आणू नका, पाण्यापेक्षा दुधाने जास्त गुण येत नाही, त्यापेक्षा चहाला वापरा. क्रीम, खोबरेल तर अजिबात नको.

जागा उघडी हवी आणि वारा मागून. खाडीकडच्या बाजूला दुपारनंतर समुद्राकडचा वारा जोर धरतो, म्हणून सकाळी आठलाच सुरू करू. उदबत्तीचा पुडा खिशात ठेवा. एक पेटवून हात लांब करून उभं राहिलं की धूर कुठे वळतो ते दिसतं. त्या दिशेला चहाची टपरी, बसस्टॉप, कुणाची खिडकी असेल तर जागा बदला. हे मी ठेच लागून शिकलोय. एकदा पावसामुळे एका सोसायटीच्या बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस घेतली, म्हटलं एकच फवारा आहे. तो लिफ्टच्या पोकळीतून वर चढला आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी खोकत खाली आल्या. सेक्रेटरींनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत लोकसभेत एका सदस्याने असाच स्प्रे मारला तेव्हा कित्येक खासदारांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि ते सभागृह आपल्या बेसमेंटच्या कितीतरी पट मोठं.

कॅन दोन प्रकारचे लागतील. बहुतेक सराव पाण्याच्या ट्रेनिंग कॅनवरच होईल, खरा स्प्रे पुतळ्यावर एकदाच. स्वतःवर घेऊन बघायचं असेल त्याच्या कपाळाला कापसाच्या बोळ्याने लावू, सक्ती कुणावर नाही. खऱ्या कॅनची मुदत तपासा, जुन्या कॅनचा दाब गेलेला असतो. बाईकच्या डिकीत उन्हात ठेवू नका, पन्नास अंशांच्या आसपास तो फुटू शकतो. डब्यावरच्या टक्क्यांवर जाऊ नका. ते अर्काचं प्रमाण, तिखटपणाचं नव्हे. खरा जोर कॅप्सेसिनवर्गीय, म्हणजे मिरचीला तिखट करणाऱ्या घटकांचा. एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये गेलेल्याला हे सांगावं लागत नाही: ब्याडगी रंगाने लालभडक, तिखटाला मात्र लवंगी. गेटवर वारा असतो, तिथे सरळ धार मारणारा किंवा जेलचा कॅन घ्या. धुक्यासारखा पसरणारा नको.

आता नाजूक भाग. दमा, डोळ्याचं ऑपरेशन, कॉन्टॅक्ट लेन्स, गरोदरपण, हे प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारलं तर कुणी बोलणार नाही, ड्युटी जाईल ही भीती असते. नाईट करून आलेल्याला फक्त बघू द्या. मास्क, गॉगल, प्रथमोपचार पेटी आणा, १०८ चा फोन कुणी करायचा ते आधीच ठरवा. धुऊनही पाऊण तासात उतार पडला नाही किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना. फवारा बसलेल्या माणसाला पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही, श्वास कोंडतो. हे मी दहा वेळा बोलून घेणार आहे.

कायद्याला अर्धा तास. खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत नव्या गार्डसाठी १०० तास वर्ग आणि ६० तास मैदान असं ट्रेनिंग सांगितलंय, पण त्याने पोलिसाचे अधिकार मिळत नाहीत. आपला हक्क साध्या नागरिकाचाच: भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४, स्वसंरक्षण, तेही धोक्याच्या प्रमाणात. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र म्हटलं. पार्किंगच्या बाचाबाचीत कॅन काढणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. कॅन वापरला की वेळ, कारण आणि साक्षीदार रजिस्टरला चढलेच पाहिजेत, म्हणून कोरं रजिस्टर आणा.

प्रत्येकाने जुना शर्ट, एक जादा शर्ट, टॉवेल आणि जाड प्लास्टिकची पिशवी आणावी. वापरलेला शर्ट पिशवीत, गाठ मारून. घरी वेगळाच धुवा, पोरांच्या कपड्यांत टाकू नका. आणि आंघोळीला उभं राहून डोक्यावर पाणी घेऊ नका. केसांतलं सगळं परत डोळ्यांत उतरतं. आधी वाकून, मान पुढे करून केस धुवायचे.