जुन्या फेल्ट हॅटला वाफ देण्याआधी या चुका टाळा

मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात अजूनही अधूनमधून एखादी अस्सल फेल्ट हॅट, म्हणजे केस किंवा लोकर दाबून-गुंफून केलेल्या कापडाची हॅट, हाती लागते. गोव्यातल्या जुन्या घरांत तर कपाटावर डब्यासकट ठेवलेल्या असतात. माथा चेपलेला, कड वाकडी, आत धूळ. घेणारा हौसेनं घरी नेतो, मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघतो आणि संध्याकाळपर्यंत पन्नास-साठ वर्षं टिकलेल्या वस्तूची वाट लावतो. चुका दर वेळी त्याच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आतली चामडी पट्टी तशीच ठेवून वाफ देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती दुरुस्त होत नाही.

मडगावच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे आजोबांची उदी हॅट होती. आजोबा नैरोबीला नोकरीला होते, तिथून आणलेली. घरात लग्न होतं आणि त्यांना ती घालायची होती. माथा चेपला होता, म्हणून त्यांनी कुकरची शिट्टी काढली आणि हॅट उपडी करून थेट वाफेवर धरली. फेल्ट मऊ झालं, माथा वरही आला. पण आतली पट्टी भाजलेल्या पापडासारखी वळली. हॅट डोक्यात जाईना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बसवली, तशी पट्टी टाक्यांच्या रेषेवर टराटरा फाटली. त्या पट्टीवर नैरोबीच्या दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, शेजारी आजोबांची आद्याक्षरं. माझ्याकडे आली तेव्हा ती अक्षरं आकसून एकमेकांत शिरली होती. नवी पट्टी शिवता येते, मी शिवूनही दिली. नाव कुठून आणणार?

ओलं चामडं साधारण ७०-८० अंशांना आकसतं, जुनं त्याहूनही लवकर. वाफ १०० अंशांची. म्हणून माझी सवय ठरलेली आहे. आधी पट्टी पूर्ण बाहेर उलटायची, हॅटपासून लांब ठेवायची आणि वाफ फक्त बाहेरून, वीतभर अंतरावरून द्यायची. आकार देण्यासाठी डोक्याच्या आकाराच्या साच्यावर चढवायची असेल तर पट्टीचे टाके बारीक कात्रीनं उसवून ती काढूनच ठेवायची. काढण्याआधी फोटो घ्या, म्हणजे परत शिवताना जोड मागच्या बाजूला बरोबर येतो. पट्टीमागे मापाची कागदी चिठ्ठी सापडते, ती कचरा समजून फेकू नका. हॅट कुठली आणि कधीची, हे पुष्कळदा तिच्यावरूनच कळतं. चामड्याची लालसर भुकटी बोटाला लागत असेल तर ते चामडं संपलं आहे, त्याला तेल पाजत बसू नका.

वाफ देताना खिडक्या उघड्या हव्यात. सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचं फेल्ट करताना पूर्वी पाऱ्याचा विषारी क्षार वापरत. अमेरिकेत तो १९४१ च्या डिसेंबरपासून बंद झाला, इतरत्र त्यानंतरही चालला. हॅटचं वय माहीत नसेल तर स्वयंपाकघरात हे काम करूच नका.

पातेल्यावर चढवणं आणि सुकण्याआधी उतरवणं

डोकं गोल नसतं, लांबट असतं. पातेल्यावर किंवा डब्यावर ताणलेली हॅट गोल होते आणि मग कपाळाला नि मागे रुतते, कानांपाशी सैल राहते. लाकडी साचा लागतोच. सुताराकडून करून घ्या, आपल्या मापाचा एक पुरतो.

साचा असूनही घाई नडते. वाफेनं केसांची गुंफण सैल होते म्हणून फेल्ट वळतं, आणि ते पूर्ण निवून सुकलं की तो आकार धरतं. अर्धवट ओलं असताना उतरवलं तर दोन दिवसांत माथा पुन्हा ढासळतो आणि लोक मालाला नावं ठेवतात. बुडाशी दोरी घट्ट बांधून रात्रभर तरी साच्यावर राहू द्या. हेअर ड्रायर लावणाऱ्यांना मी हे काम शिकवत नाही. पावसाळ्यात तर साच्यावर चढवायचं कामच मी हाती घेत नाही, फेल्ट सुकत नाही आणि बुरशी धरते. दिवाळी ते होळी हे माझे दिवस.

मेंढीच्या लोकरीचं फेल्ट फार ओढून घेत नाही, ते आटतंही लवकर. त्याच्याकडून सशाच्या फेल्टची अपेक्षा ठेवू नका. आणि बोलर हॅट, म्हणजे गोल माथ्याची टणक हॅट, लाखेनं कडक केलेली असते. तिला फेडोरासारखा, म्हणजे माथ्यावर खळगा असलेल्या मऊ हॅटसारखा, खळगा पाडायला गेलात तर तडा जातो.

खोबरेल तेलाचे डाग धुणं

आपल्याकडच्या हॅटना घामापेक्षा तेलाचा त्रास जास्त. ते आतून झिरपत बाहेरच्या कापडी फितीपर्यंत येतं. डिटर्जंटनं घासलं की लव गुंतते, तेल तिथंच राहतं आणि वर पाण्याचं वर्तुळ उमटतं. फिक्या हॅटवर मी कोरडी मुलतानी माती दाबून रात्रभर ठेवतो, सकाळी ब्रशनं झाडतो, गरज पडली तर पुन्हा तेच. एका दमात डाग जात नाही. काळ्या हॅटवर माती नको, लवेत अडकून राखाडी दिसते. ड्रायक्लीनरचं पेट्रोल मी घरात आणत नाही, शेगडीच्या एका ठिणगीनं घर पेटेल.

बाकीच्या चुका थोडक्यात

विटलेल्या काळ्या हॅटला बुटाचं पॉलिश लावू नका, कॉलर काळी होते आणि लव कायमची चिकटते.

फीत ग्लू गननं चिकटवू नका. चार-पाच ठिकाणी हातानं टाके घाला. पुरुषांच्या हॅटची गाठ डावीकडे येते.

ब्रश घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. गडद आणि फिक्या हॅटचे ब्रश वेगळे ठेवा.

माथ्याला पुढून दोन्ही बाजूंनी चिमटा घेतल्यासारखा खोलगट भाग असतो, त्याला धरून हॅट उचलू नका, जुन्या हॅट तिथंच फाटतात. ठेवायची ती माथ्यावर, कडेवर नव्हे.

फेल्ट घासून गुळगुळीत करायचं असेल तर सँडपेपर ४०० नंबरहून खरखरीत नको. कसरीनं पाडलेलं भोक घासून जात नाही, भोवतालचं फेल्ट मात्र पातळ होतं.

कसर असल्याची नुसती शंका आली तरी हॅट इतर कपड्यांपासून लगेच वेगळी करा. डांबरगोळ्यांच्या भरवशावर राहू नका. पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी गरम होईपर्यंत पिशवी उघडू नका. नाहीतर थंड फेल्टवर पाणी साचतं.