इंदूरच्या काळ्या मातीत बागेचं कुंपण: या चुका टाळा

कुंपणाचं ठरलं की बहुतेक जण आधी जाळी बघायला जातात: उंची किती, हिरवी की साधी, भाव काय. खांब किती खोल जाणार, हे मात्र वेल्डरवर सोडलेलं असतं. इंदुरात नेमकं हेच महागात पडतं. माळव्याची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही ओढाताण दरवर्षीची आहे. तिच्यात उथळ रोवलेला खांब आधी हलतो, मग कलतो, आणि त्याच्या मागोमाग भारीतली भारी जाळीही लोंबायला लागते.

एका पाइपाचे तीन खांब

पाइप असो की अँगल, तो वीस फुटांचा येतो. वाया काही जाऊ नये म्हणून त्याचे सरसकट तीन तुकडे करतात, प्रत्येकी ६ फूट ८ इंच. त्यावर ५ फुटी जाळी लावली की जमिनीत उरतात जेमतेम २० इंच. काळ्या मातीत एवढी खोली अजिबात पुरत नाही. किमान ३० इंच हवेतच, आणि खाली मुरूम लागत असेल तर खड्डा अर्धा फूट तरी मुरमात उतरवावा.

तीनच तुकडे करायचे असतील तर जाळी ४ फुटी घ्या, हिशेब चोख जुळतो. ५ फुटीच हवी असेल तर एका पाइपातून पावणेआठ फुटांचे दोनच खांब निघतील, हे मान्य करून पाइप मागवा. उरलेला साडेचार फुटांचा तुकडा टेकूला आखूड पडतो, पण फाटकाच्या चौकटीत सहज खपतो.

खड्ड्याचा आकार

पहारीने खणलेला खड्डा साहजिकच वर रुंद आणि खाली निमुळता होतो. त्यात काँक्रीट ओतलं की वरून जाड, खालून बारीक असा गट्टू तयार होतो. पावसाळ्यात फुगलेली माती त्याच्या तिरक्या बाजूंना खालून रेटते आणि खांबासकट तो वर उचलते. म्हणून उलटं करायचं: तोंडाशी १२ इंच, तळाशी १४ इंच. तळ कोरायला मजूर कंटाळतात, तेव्हा काँक्रीट ओतण्याआधी स्वतः फूटपट्टी लावून बघा.

मिश्रण १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार २० मिमी गिट्टी. काँक्रीटचा माथा जमिनीपासून दोन इंच वर ठेवून चारी बाजूंनी उतार द्या. माथा सपाट किंवा खोलगट राहिला तर पाणी खांबाच्या बुडाशी साचतं आणि लोखंड आधी तिथेच गंजतं. पाइपाचं वरचं तोंडही टोपीने बंद करा, नाहीतर तो आतून गंजत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. जाळी ताणण्याआधी सात दिवस काँक्रीटवर ओलं बारदान ठेवा. आज खांब, उद्या जाळी अशी घाई केली की कोपऱ्याचे खांब आत ओढले जातात.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढलेलं बरं. मे महिन्यात जमीन भेगाळलेली असते, खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि काँक्रीट पुरतं मुरण्याआधीच पहिला पाऊस माती फुगवतो.

सामान किती लागेल

३० × ५० फुटांच्या प्लॉटची मागची बाग धरू: मागे ३० फूट, दोन्ही बाजूंना २०-२० फूट, एकूण ७० फूट. दोन खांबांत ८ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. मागे चार गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा) आणि बाजूंना तीन-तीन, म्हणजे ११ खांब. कोपऱ्याच्या दोन खांबांना दोन-दोन आणि टोकाच्या दोघांना एक-एक असे ६ तिरके टेकू. टेकू वाचवायचा मोह इथे हमखास होतो, पण ताणलेल्या जाळीची सगळी ओढ याच चार खांबांवर येते. वर, मध्ये आणि खाली आडवी तार धरली तर २१० फूट, शिवाय बांधायला थोडी. टेकूंचे खड्डे धरून सिमेंटची पाच-सहा पोती लागतील.

खड्डे आपल्याच हद्दीत घ्या. खांब हद्दीवर रोवला तर काँक्रीटचा अर्धा गट्टू शेजाऱ्यांच्या जमिनीत जातो. हद्दीबद्दल शंका असेल तर आधी सीमांकन करून घ्या.

जाळी घेताना

गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. १० गेज साधारण ३.२ मिमी, १२ गेज २.६ मिमी. घरच्या बागेला २ × २ इंचांच्या चौकटीची १० गेज जाळी योग्य. १२ गेजवर मुलं चढली की ती कायमची पोक काढते. सियागंजाच्या बाजारात चौकशी करताना व्हर्निअर (तारेची जाडी मोजायचं साधन) खिशात ठेवा. हिरवा प्लास्टिकचा थर असलेल्या जाळीत तर हे फारच गरजेचं: जाडी प्लास्टिकसकट सांगितली जाते, ताकद मात्र आतल्या तारेची असते. कापलेल्या टोकावर आतली तार मोजा.

जस्त चढवलेल्या खांबावर वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळतं. प्रत्येक टाका तारेच्या ब्रशने घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर लावून घ्या. साधा चंदेरी रंग नुसता दिसायला सारखा असतो.

नंतरच्या तक्रारी

आडोशासाठी हिरवी शेडनेट जाळीवर घट्ट बांधली की वारा आरपार जात नाही. मे-जूनच्या वादळात तो सगळा जोर खांबांवर येतो. शेडनेट हवीच असेल तर खांब सहा फुटांवर घ्या आणि मधल्या खांबांनाही टेकू द्या. वेलींचंही तसंच. गोकर्ण, कृष्णकमळ चालेल. बोगनवेल आणि मधुमालतीला वेगळा मांडव करा.

खांबाला लागून वाफा करू नका. रोज पाणी घातलं की एका बाजूची माती फुगलेली आणि दुसरी कोरडी राहते, आणि खांब कोरड्या बाजूला कलतो. दीड-दोन फूट जागा सोडा.

खांब कललाच, तर भर पावसाळ्यात दोरी लावून सरळ करू नका. माती वाळताना तो पुन्हा सरकतो. डिसेंबरपर्यंत थांबा. आधी जाळी आणि तारा सैल करा, खांब ज्या बाजूला कलला त्याच्या उलट बाजूची माती काढा, ओळंबा लावून खांब सरळ करा, त्या पोकळीत काँक्रीट भरा आणि कललेल्या बाजूला टेकू द्या. खांब चार इंचांहून जास्त वर उचलला गेला असेल, तर ही मलमपट्टी पुरणार नाही. तो उपटून नवा खड्डाच घ्यावा लागतो.

फाटक जमिनीला घासत असेल तर बिजागरी बदलण्याआधी ती ज्या खांबावर आहे तो तपासा. बाकीचे खांब दोन इंची असतील तर हा अडीच इंची हवा आणि ३६ इंच खोल. फाटकाच्या चौकटीतली तिरकी पट्टी खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीकडे गेलेली असावी. पावसाळ्यात जमीन वर येते, म्हणून फाटकाखाली तीन इंचांची फट सोडूनच ते बसवा.