लस्टरला कोणते क्लायंट जोडलेत आणि त्यांचे नेटवर्क पत्ते कसे बघायचे

लस्टर ही क्लस्टरमधल्या सगळ्या मशीन्सना (नोड्सना) मिळून वापरता येणारी फाइल सिस्टिम, आणि ती माउंट करणारा नोड म्हणजे तिचा क्लायंट. रात्री दोनला कोणाचातरी जॉब अडकतो, लॉगिन नोडवर साधं एलएस (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) मारलं तरी स्क्रीन हलत नाही, आणि मेटाडेटा सर्व्हरच्या (फाइल्सची नावं आणि फोल्डर सांभाळणारा सर्व्हर) लॉगमध्ये एक ओळ दिसते की अमुक क्लायंटकडून २२७ सेकंद काही ऐकू आलं नाही, तो मेला असं धरून मी त्याला काढतोय. त्याच ओळीत कंसात पत्ता असतो, १०.१०.१.४५@ओटूआयबी असा काहीतरी. आता हा ४५ म्हणजे कपाटातला नक्की कुठला नोड?

आमच्या क्लस्टरवर मॅनेजमेंट नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणारं आणि इन्फिनिबँड (नोड्समधलं वेगवान नेटवर्क) १०.१०.१ ने. मी शेवटचा आकडा बघितला, मॅनेजमेंटवर ४५ असलेला नोड शोधला आणि रीबूट मारला. पण नंतर घेतलेल्या नोड्सना इन्फिनिबँडचे आकडे वेगळ्या क्रमाने दिलेले होते, त्यामुळे भलताच नोड गेला आणि त्याच्यावर एका विद्यार्थिनीचा तीन दिवस चाललेला जॉब होता. तिला ते सांगताना फार वाईट वाटलं. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी एक सांगतो, खालच्या कमांड्स मी देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, टिंब, चांदणी, अंडरस्कोर जसेच्या तसे. सर्व्हरवर रूट लागेल.

लस्टर क्लायंटला होस्टनेमने ओळखत नाही, एनआयडीने ओळखतं. एनआयडी म्हणजे पत्ता, मग @, मग नेटवर्कचं नाव. इथरनेट असेल तर टीसीपी, इन्फिनिबँड असेल तर ओटूआयबी. म्हणजे एकाच मशीनला दोन एनआयडी असू शकतात आणि एसएसएच करताना तुम्ही वापरता तो पत्ता त्यातला एकही नसू शकतो. सगळा घोळ इथेच होतो.

क्लायंटवर बसून स्वतःचा एनआयडी बघायला (एलसीटीएल हे लस्टरचं कमांड चालवायचं साधन):

एलसीटीएल लिस्ट_निड्स

तो सर्व्हरपर्यंत पोचतोय का हे बघायला एलसीटीएल पिंग आणि पुढे सर्व्हरचा एनआयडी. नेहमीचं पिंग चाललं म्हणून लस्टरचं नेटवर्क चालतंय असं धरू नका, मी दोन्ही मारतो.

आता सर्व्हरच्या बाजूने. मेटाडेटा सर्व्हरवर:

एलसीटीएल गेट_पॅरम एमडीटी.*.एक्सपोर्ट्स.*.यूयूआयडी

प्रत्येक ओळीत एक्सपोर्ट्सच्या पुढे क्लायंटचा एनआयडी येतो आणि बरोबरच्या चिन्हानंतर त्या माउंटचा यूयूआयडी, म्हणजे त्याची एकमेव ओळखखूण. ऑब्जेक्ट स्टोरेज सर्व्हरवर (फाइल्समधला खरा डेटा ठेवणारा सर्व्हर) हीच कमांड, फक्त एमडीटीच्या जागी ओबीडीफिल्टर लिहायचं. नुसते पत्ते हवे असतील तर गेट_पॅरमला कॅपिटल एन हा पर्याय द्या आणि शेवटचं यूयूआयडी काढून टाका. जुन्या लेखांत प्रॉक फोल्डरमधला मार्ग दिलेला असतो, पण आवृत्ती बदलली की या फाइल्सच्या जागाही बदलल्यात, त्यामुळे गेट_पॅरमच वापरलेलं बरं.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. या यादीत नाव आहे म्हणजे क्लायंट आत्ता जोडलेला आहे असं नाही. एकदा जोडून गेलेल्या क्लायंटची नोंदही तिथे पडून राहते, माउंट काढला तरी. म्हणून मी यूयूआयडीच बघायला सांगतोय, कारण बरोबरच्या चिन्हानंतर काहीच नसेल तर त्या पत्त्यावरून आत्ता कोणी जोडलेलं नाही. एका पत्त्याखाली दोन यूयूआयडी दिसले तर घाबरू नका, त्या मशीनवर तीच फाइल सिस्टिम दोनदा माउंट असू शकते.

ऑब्जेक्ट सर्व्हरच्या यादीत एमडीटी हे नाव असलेला यूयूआयडीही दिसेल, तो खुद्द मेटाडेटा सर्व्हर आहे, त्याला वापरकर्ता समजून हात लावू नका. ०@एलओ दिसलं तर ते त्याच मशीनवरचं आतल्या आतलं कनेक्शन. नम_एक्सपोर्ट्सचा (सर्व्हरला जोडलेल्या सगळ्यांची संख्या) आकडाही याचमुळे क्लायंटच्या संख्येपेक्षा थोडा जास्त येतो.

स्क्रिप्ट लिहिणार असाल तर ओळ टिंबावर तोडू नका, आयपीमध्येच तीन टिंबं आहेत, सगळं विस्कटतं. एक्सपोर्ट्स ते यूयूआयडी यांच्या मधला भाग सेडने (मजकूर कापणारी-बदलणारी कमांड) उचला.

२.१० आवृत्तीपासून मल्टी-रेल आलं, म्हणजे एका नोडची दोन-तीन कार्ड्स एकत्र वापरता येतात, पण सर्व्हरच्या यादीत त्या नोडचा फक्त मुख्य एनआयडी दिसतो. बाकीचे कुठले हे बघायला सर्व्हरवर एलनेटसीटीएल पीअर शो मारा, मुख्य पत्ता आणि त्याखाली बाकीचे असे दिसतात.

पत्ते कळले की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा हाच, की सिस्टिम कोण बडवतंय. त्याच कमांडमध्ये यूयूआयडीच्या जागी स्टॅट्स लिहा. मेटाडेटा सर्व्हरवर प्रत्येक क्लायंटने ओपन, क्लोज, गेटअ‍ॅटर (फाइलची माहिती विचारणं) किती वेळा केलं ते येतं, ऑब्जेक्ट सर्व्हरवर किती बाइट्स वाचले आणि लिहिले ते. हे आकडे साठत जाणारे आहेत, एकदा बघून काही कळत नाही. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या आणि फरक काढा. ज्याचा ओपनचा आकडा दहा सेकंदांत हजारोंनी उडी मारतो तिथे बहुतेक कोणीतरी बारीक बारीक फाइल्सचा पाऊस पाडतंय. अशा वेळी नोड मारू नका, आधी त्या माणसाला फोन करा, बहुतेक जणांना आपल्या कोडमुळे बाकीचे अडकलेत हे माहीतच नसतं.

इव्हिक्ट_क्लायंट वापरून क्लायंट हाताने काढताही येतो. पण त्याच्या मेमरीत असलेला, अजून डिस्कवर न लिहिलेला डेटा जातो, तेव्हा पत्ता दोनदा तपासा.

आता त्या रात्रीनंतर मी जे करतो ते. सगळे नोड्स चालू असताना पीडीएसएचने (एकच कमांड अनेक नोड्सवर एकदम चालवणारं साधन) प्रत्येकावर एलसीटीएल लिस्ट_निड्स चालवायचं आणि आउटपुट एका फाइलमध्ये ठेवायचं, डावीकडे होस्टनेम, उजवीकडे एनआयडी. ही फाइल लस्टरवर ठेवू नका, लस्टर अडकलं की तीच उघडणार नाही, मॅनेजमेंट नोडच्या लोकल डिस्कवर ठेवा. नवीन नोड लावला किंवा कार्ड बदललं की त्याच दिवशी परत चालवायचं. लॉगमध्ये पत्ता दिसला की त्या फाइलवर ग्रेप मारायचं (म्हणजे तो पत्ता शोधायचा), होस्टनेम मिळालं की त्या नोडवर लॉगिन करून लिस्ट_निड्स परत बघायचं, आणि दोन्ही जुळले तरच रीबूटला हात लावायचा.