इंजिन करायचं की गाडीच बदलायची? आधी हौद्याखाली वाका

गाडी निळा धूर सोडायला लागली की मालकाच्या डोक्यात दोनच आकडे फिरतात, इंजिन उघडून नव्यासारखं करून घ्यायला किती लागतील आणि नवीन गाडीला किती. गॅरेजवाला इंजिन करा म्हणणार, शोरूमवाला गाडी घ्या म्हणणार, दोघांचाही दोष नाही, धंदाच आहे त्यांचा. मी दोन वेळा ह्यातनं गेलोय, एकदा चांगलाच आपटलो आणि एकदा जमलं, म्हणून लिहितोय. हे टाटा ४०७, पिकअप, आयशर असल्या रोज कामावर असणाऱ्या गाड्यांचं आहे, घरच्या कारला हा हिशोब लावू नका.

आपटलो ते आधी सांगतो. जुनी पिकअप होती, तासगावातनं बेदाणा भरायचा आणि परत येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. इंजिन गेलं. लाखाच्या वर पैसे घालून फुल इंजिन करून घेतलं, गाडी अशी गोड वाजायला लागली की मी चार जणांना मुद्दाम बोलवून आवाज ऐकवला राव. चौथ्या महिन्यात कुंभार्ली घाटात, कराडहून चिपळूणला उतरताना, मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडाच, तडकली. भर पावसात माल दुसऱ्या गाडीत भरला, तिचं भाडं गेलं ते वेगळंच, मग वेल्डिंग करून पट्टी मारली तर दोन महिन्यांनी त्या पट्टीच्या शेजारीच परत तडा. शेवटी गाडी विकायला काढली तर घेणारा म्हणतो, इंजिन झकास आहे ओ, पण ते बसवलंय कशावर? भंगारापेक्षा जरा बऱ्या भावात गेली, नव्या इंजिनासकट.

तेव्हापासनं माझा क्रम उलटा आहे. आधी चासी, मग कागद, मग महिन्याचं रनिंग आणि इंजिन सगळ्यात शेवटी. कारण इंजिन काय, पैसे टाकले की होतंच.

तर पहिलं काम, गाडी खालून धुऊन घ्या. वरवर नाही, वॉशिंग सेंटरला रॅम्पवर चढवून चासीवरचा चिखल, ग्रीस, जुना रंग सगळं निघेपर्यंत प्रेशर मारायला सांगा, आणि वाळल्यावर टॉर्च, छोटा हातोडा आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली जा. कपडे खराब होतील, होऊ देत. माझ्या आत्ताच्या ४०७ च्या वेळी मिरजेच्या मिस्त्रीनं मला शेजारी झोपवून दाखवलं. तो चासीवर वीतभर अंतरानं हातोडा मारत पुढून मागं सरकत गेला, ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि हौद्याच्या (माल भरायच्या भागाच्या) मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीला, एकदम थप्प. तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचला तर पापडासारखी पोपडी निघाली, आत लालभडक. माझ्या पोटात गोळा आला. पण त्यानं अजून टोचलं, सुपारीएवढ्या जागेच्या पुढं लोखंड पक्कं लागलं आणि मेन चासीला काहीच नव्हतं. म्हणाला, दादा हे क्रॉस मेंबर बदलून मिळतं, मेन चासीला असलं लागलं असतं तर मीच इंजिनाला हात लावला नसता.

बघायच्या जागा म्हणजे पाट्याचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स जिथं चासीला बसतो तो भाग, हौद्याची लाकडं चासीवर टेकतात ती सगळी लाइन (तिथं पाणी साठतं आणि वरून दिसत नाही), आणि केबिनची फरशी, मॅटिंग उचलून. आधीच्या वेल्डिंगच्या पट्ट्या मोजा. एखादी असेल तर चालतंय, तीन-चार असतील तर ती गाडी तुम्हाला काहीतरी सांगतेय. मीठ, ओली मळी, शेणखत असलं वाहिलेली गाडी असेल तर जास्त संशय घ्या. आणि सांगलीची गाडी असेल तर एक प्रश्न हमखास विचारा, २०१९ च्या ऑगस्टात किंवा २०२१ च्या जुलैत ही कुठं उभी होती? पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग आणि चासीची आतली बाजू वर्षानुवर्षं त्रास देते, वरनं रंग कितीबी मारलेला असू दे.

चासी नापास झाली तर पुढं वाचायची गरजच नाही, इंजिनावर रुपया घालू नका, चालू आहे तोवर विका. पास झाली तर मग कागद.

कागदात लोक काय करतात, व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून घाबरतात की १५ वर्षं झाली म्हणजे गाडी बंद. डिझेलला १० वर्षांची भानगड दिल्ली-एनसीआरची आहे, आपल्याकडं मालवाहू गाडी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) होईल तोवर चालते. फक्त ८ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असतं आणि त्यानंतर दरवर्षी, वर पर्यावरण कर आहे, आणि १५ वर्षं ओलांडली की पासिंगची फी चांगलीच चढते. हे सगळं एका कागदावर लिहून काढा, पुढच्या तीन वर्षांत ह्या गाडीला नुसतं रस्त्यावर ठेवायला किती जाणार. गाडी १४ वर्षांची असेल तर हा आकडा इंजिनच्या खर्चात मिळवूनच बघा, नाहीतर इंजिन केल्यावर पुढच्याच वर्षी तोंड वाकडं होतंय.

आता इंजिन. खरंच गेलंय का ते आधी ठरवा, कारण निम्म्या वेळा ते गेलेलंच नसतं असा माझा अनुभव आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तिथं आधी एअर फिल्टर, नोझल, पंप बघायचा, इंजिन नाही. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतो ते सोडा, पण गरम झाल्यावरही येतोय, पाणी कमी होतंय, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत, ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, तर हेड गॅस्केट नाहीतर हेडला तडा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण टर्बोची गाडी असेल तर टर्बोचं सील गेल्यावरही निळाच धूर येतो आणि त्यापायी लोकांनी अख्खी इंजिनं उघडलीत, तेव्हा आधी टर्बोचा पाइप काढून आत ऑइल आहे का बघा. घरच्या घरी करायची सोपी टेस्ट म्हणजे इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. झाकण नाचायला लागलं आणि भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरचा दाब खाली गळतोय, रिंग-लायनर गेले. मग पैसे देऊन चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, एकच कमी आहे की सगळे, ह्यावर हाफ इंजिन (अर्धंच काम) की फुल ते ठरतं. गरम झाल्यावर ऑइल प्रेशरची लाइट लुकलुकत असेल तर बेअरिंग आणि क्रँककडं बघायला लागणार, आणि क्रँक आधीच वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासलेली असेल तर पुढच्या ग्राइंडिंगला जीव किती उरलाय हे मशीन शॉपवाल्याला विचारा, मिस्त्रीला नाही.

रेडी इंजिन घ्यायचा मोह होतो, मान्य. कुठंतरी ॲक्सिडेंटच्या गाडीचं निघालेलं असतं, दोन दिवसात बसतं, धंदा बुडत नाही. पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसीवर असतो. ब्लॉक बदलला की नंबर बदलला, म्हणजे आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करायला लागते, आणि त्याला ते इंजिन ज्या गाडीचं आहे तिच्या आरसीची झेरॉक्स, विक्रीचं पक्कं बिल, गाडी चोरीची नाही ह्याची खात्री, आणि तुमच्या गाडीवर बोजा (कर्ज) असेल तर फायनान्सचं संमतीपत्र, हे सगळं हातात पाहिजे. कोण म्हणालं की 'नंबर मारून देतो', तर तिथनं चप्पल घालून निघा. तो गुन्हा आहे, आणि उद्या ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा तोच नंबर बघणार. दुसऱ्याच मॉडेलचं किंवा जुन्या बीएसचं (भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचा नियम) इंजिन बसवायच्या भानगडीत तर पडूच नका. म्हणून माझं मत सरळ आहे, आपला ब्लॉक वाचत असेल तर आपलाच ब्लॉक बोअर करून, लायनर-पिस्टन टाकून वापरा, नंबर तोच राहतो आणि आरटीओची पायरी चढायला लागत नाही. टाटाच्या गाडीला कंपनीची प्रोलाइफ म्हणून रिकंडिशन पार्टची स्कीम आहे, जुनं देऊन कारखान्यात तयार केलेलं घ्यायचं, महाग पडतं पण वॉरंटी मिळते, तिथंही नंबरचं काय होणार ते आधी लेखी विचारा.

आता पैशाचा हिशोब, आणि इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात कारण दीड लाख विरुद्ध दहा लाख असं बघतात. तसं बघायचं नाही, दोन्ही आकडे महिन्यावर आणायचे. समजा इंजिन १ लाख ६० हजार आणि त्याच्या जोडीनं क्लच, पाटे, टायर, हौद्याचं काम मिळून अजून ६० हजार, गाडी तीन वर्षं चालणार असं धरलं तर महिन्याला सहा हजार एकशेच्या आसपास. त्यात जुनी गाडी महिन्यात दोन दिवस गॅरेजला उभी राहणार, दिवसाचं ३ हजारचं काम बुडालं तर ६ हजार, झाले १२ हजार. नवीन गाडीला समजा ८ लाखाचं लोन, साडेदहा टक्के, ४८ हप्ते, म्हणजे हप्ता साधारण साडेवीस हजार. आता ॲव्हरेज. जुनी लिटरला ८ किलोमीटर देते आणि नवी १० देते असं धरा. महिन्याला अडीच हजार किलोमीटर चालत असाल तर ६२ लिटर डिझेल वाचतं, ९० नं धरलं तरी साडेपाच हजार, म्हणजे नवी गाडी पडली १५ हजाराला, वर डाऊन पेमेंट आणि जास्तीचा इन्शुरन्स. चार वर्षांनी ती विकली तर पैसे येतात, जुनीचं काही येत नाही, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण हाच हिशोब महिन्याला ५ हजार किलोमीटरवर करा, सव्वाअकरा हजाराचं डिझेल वाचतं आणि नवी सरळ सरळ स्वस्त पडते. आणि हजार किलोमीटरच चालत असेल, म्हणजे मार्केट यार्ड ते कुपवाड एमआयडीसी असल्या फेऱ्या, तर सव्वादोन हजार वाचतात फक्त, तिथं नवी गाडी घेणं म्हणजे हप्त्यासाठी राबणं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण वही घेऊन स्वतःचे टाका, किलोमीटर अंदाजानं नाही तर मीटरवरनं.

कमी फिरणाऱ्यानं नवी न घेण्याचं अजून एक कारण म्हणजे बीएस६, १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या. डिझेलच्या सायलेन्सरला डीपीएफ, म्हणजे धुराची गाळणी, असतो, त्यात काजळी साठते आणि गाडी सलग पळून चांगली तापली की ती जळून जाते. दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर ते तापणार कधी? लाइट लागते, मग शोरूम. काही मॉडेलला ॲडब्लू (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) वेगळं भरायला लागतं. जुन्या ४०७ ला कवठ्याचा मिस्त्रीबी रस्त्यावर चालू करून देतो, हिला लॅपटॉप लागतो. पण तुम्ही रोज सातारा-पुणे करत असाल, खंबाटकी चढत असाल, तर नवीच घ्या, ड्रायव्हर पण टिकतो.

नवी घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या कोटेशनवर हिशोब करू नका. आणि जुनी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला दिली तर जे सर्टिफिकेट मिळतं त्यावर केंद्राच्या नियमात नव्या मालवाहू गाडीच्या टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलत धरलीय, आपल्या आरटीओत प्रत्यक्ष किती बसते ते विचारून मगच भंगारवाल्याशी बोला. सेकंडहँड बीएस४ हा मधला रस्ता पण वाईट नाही, फक्त एमएच १० असो, ११ असो नाहीतर ५०, बोजा उतरलाय का, ई-चलन किती थकलंय आणि टॅक्स भरलाय का हे ऑनलाइन बघूनच इसार द्या. आणि हो, हातोडा घेऊन जा.

मी काय केलं? माझं रनिंग दोन हजाराच्या आत, चासी पास, ब्लॉक वाचला, म्हणून आपलंच इंजिन केलं. जुलैत उघडलं मुद्दाम, कारण द्राक्षाच्या सीझनला जानेवारीत इंजिन उघडलं तर मशीन शॉपला नंबर लागत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्याची गाडी धरतं ते परत येत नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रेडिएटर निम्मा बुजलेला निघाला. इंजिन कशानं गेलं ते तिथं कळलं, म्हणून रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि सगळे होस पाइप त्याच वेळी बदलले, आता पाण्याऐवजी कूलंटच. हे केलं नसतं तर नवे पिस्टन त्याच वाटेनं गेले असते.

आत्ता गाडी ४०० किलोमीटर चाललीय. मिस्त्रीनं सांगितलंय ५०० ला पहिलं ऑइल बदलायचं आणि हजार होईस्तोवर निम्माच माल, घाट नको. काल एक जण चिपळूणचं भाडं घेऊन आला होता, चांगले पैसे देत होता, त्याला शेजारच्याची गाडी लावून दिली.