दार सी सईद बघताना या चुका टाळा

मोरोक्कोतल्या माराकेशहून परतलेली मंडळी फोटो दाखवतात ते बाहिया राजवाड्याचे. तिथून पाचेक मिनिटांवर दार सी सईद आहे, ते पाहिलंत का विचारलं की ठरलेलं उत्तर: ‘सारखंच असेल ना!’

सारखं नाही. बाहियातली दालनं रिकामी आहेत. त्याचा मालक, वजीर बा अहमद, १९०० साली वारला आणि वाड्यातलं सामान लुटलं गेलं. दार सी सईद त्याच्या भावाचा वाडा, २०१८ पासून विणकाम आणि गालिच्यांचं राष्ट्रीय संग्रहालय. भिंती तिकडे बघा, अंथरूण इकडे.

आमच्या मेहुण्यांनी हे अंथरूण बारा मिनिटांत उरकलं. ‘गालिचे काय, बाजारात ढीग आहेत,’ म्हणाले. संध्याकाळी त्याच ढिगातून ‘ॲटलास डोंगरातल्या आजीबाईंनी विणलेला’ गालिचा उचलला. किंमत अजून बहिणीला सांगितलेली नाही. ठाण्यात उलगडला तेव्हा झालरीची पट्टी शिलाईने जोडलेली निघाली. हातमागावरच्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्याच उभ्या धाग्यांची टोकं, ती वेगळी शिवावी लागत नाही. संग्रहालयातल्या कुठल्याही गालिच्याची कड वाकून पाहिली असती तरी कळलं असतं. मी आता आधी संग्रहालय, मग बाजार, असंच नेतो. कुणी कुरकुरलं तर कुरकुरू दे.

दुसरी खोड: आत शिरताच मोबाइल छताकडे. वरच्या मजल्यावरचं रंगवलेलं देवदाराचं छत आहेच तसं, पण मी खालून वर बघतो. आधी झेलीज, म्हणजे रंगीत फरशीच्या तुकड्यांची नक्षी, मग कोरलेला गिलावा, शेवटी लाकूड. झेलीजपाशी बसाच. हे छापील डिझाइन नव्हे. भाजलेल्या रंगीत फरशीतून एकेक तुकडा हातोडीने छाटतात आणि रंगीत बाजू खाली ठेवून जुळवतात. म्हणजे कारागिराला काम करताना नक्षी दिसतही नाही! हे कळल्यावर तरी दहा मिनिटं द्याल की नाही?

साध्या दरवाज्यावरून मागे फिरू नका. आपल्या वाड्यांसारखंच इथेही वैभव आत, चौकाभोवती.

मंगळवारी जाऊ नका. २०२३ च्या भूकंपानंतर जुन्या शहरात डागडुजी निघत असते, त्यामुळे आदल्या दिवशी हॉटेलात चौकशी करा. गल्लीत कुणी ‘आज बंद आहे, इकडून चला’ म्हणालं तर मात्र दारापर्यंत जाऊनच खात्री करा.

बाग शेवटी ठेवा. मधल्या लाकडी मंडपाखाली कारंजं आहे. तिथे पोचेपर्यंत आमचे मेहुणे टॅक्सी शोधत होते.