ट्रायफल पुडिंगला पाणी सुटतंय? या चुका टाळा

केक, जेली, फळं, कस्टर्ड. ट्रायफलमध्ये अवघड काहीच नाही, तरी दुसऱ्या दिवशी बोलच्या तळाशी गढूळ पाणी साचतं आणि थर एकमेकांत मिसळतात. बहुतेक वेळा कस्टर्ड अर्धवट शिजलेलं असतं, नाहीतर गरम असतानाच ओतलेलं.

कस्टर्ड

अर्ध्या लिटर दुधाला सपाट ३ टेबलस्पून कस्टर्ड पावडर आणि ४ टेबलस्पून साखर घ्या. फ्रूट सॅलडला २ टेबलस्पून पुरतात, पण थर उभा राहायला ते कमीच. पावडर पाव कप गार दुधात कालवा. उकळत्या दुधात कोरडी टाकली की वरचा भाग लगेच फुगतो, आत पीठ कोरडंच राहतं. गुठळ्या होतात त्या यामुळेच. कालवलेली पावडर दोन मिनिटांत तळाशी बसते, म्हणून ओतण्याआधी पुन्हा एकदा ढवळा.

दाट दिसताच गॅस बंद करू नका. बुडबुडे फुटायला लागले की पुढे दीड-दोन मिनिटं मंद आचेवर ढवळत राहा. ही पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लोअर. ते कच्चं राहिलं तर चव पिठूळ लागते आणि फ्रिजमध्ये पाणी सुटतं. चव बघितलेला चमचा परत पातेल्यात घालू नका. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम कॉर्नफ्लोअरमधला स्टार्च तोडतं आणि छान दाट कस्टर्ड तासाभरात पातळ होतं. गार कस्टर्ड जोरात फेटलं तरीही तेच. गुठळ्या राहिल्याच तर गरम असतानाच गाळून घ्या.

पातळ झालंच, तर १ टीस्पून पावडर २ टेबलस्पून गार दुधात कालवून घाला आणि पुन्हा उकळी आणा. साय धरू नये म्हणून क्लिंग फिल्म कस्टर्डला चिकटेल अशी लावा. पातेल्यावर नुसतं झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी आत ठिबकतं.

फळं

ताजा अननस, किवी आणि पपई यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. जिलेटिनची जेली त्यांच्यामुळे सेटच होत नाही आणि दुधाचं कस्टर्ड काही तासांत कडवट लागतं. अननसाचे तुकडे थोड्या साखर-पाण्यात ८-१० मिनिटं शिजवून, निथळून वापरा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. चायना ग्रासची (समुद्री शेवाळापासूनच्या अगर-अगरची) जेली अननसाने बिघडत नाही, पण कस्टर्ड कडवट व्हायचं ते होतंच.

फळांवर साखर भुरभुरवू नका, रस सुटतो. संत्र्याच्या फोडी, द्राक्षं कापडावर कोरडी करा, कलिंगड नकोच. केळ्याला लिंबाचे चार थेंब चोळा आणि कस्टर्डखाली पूर्ण बुडवा, हवा लागली की काळं पडतं. डाळिंबाचे दाणे फक्त वरून, आणि वाढतानाच, कारण त्यांचा रंग उतरतो.

केक आणि थर

ताज्या मऊ केकपेक्षा आदल्या दिवशीचा साधा स्पंज बरा. इंचभराचे तुकडे करा. साधारण २०० ग्रॅम केकला ५-६ टेबलस्पून रस किंवा पाक पुरे. बुडवून ठेवला तर लगदा होतो. क्रीम लावलेला केक इथे वाया जातो.

जिलेटिनची जेली अंगाच्या उबेलाही वितळते, त्यामुळे कोमट कस्टर्डदेखील तिच्यावर ओतायचं नाही. जेली पूर्ण सेट झालेली आणि कस्टर्ड हाताला गार लागणारं हवं. ते चमच्याच्या पाठीवरून सोडा, म्हणजे खड्डा पडत नाही.

वरच्या क्रीमबाबत एकच: साधारण २५ टक्के फॅटचं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी घट्ट होऊन शिखरासारखं उभं राहत नाही. किमान ३० टक्क्यांचं घ्या, भांडंही गार करा.

पुडिंग निदान ४ तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई म्हणून फ्रीझरमध्ये ठेवलं, तर कस्टर्ड गोठून परत वितळताना स्टार्च पाणी टाकतो आणि मग काहीच उपाय नाही. फळं असल्यामुळे २४ तासांच्या आत संपवा.